पाळणाघरातली मोरी, चौथा कॅमेरा आणि माझी लेक

मांजराकाठ (लातूर)

लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या.

मी लातूरला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. दिवसभर लोकांच्या लघवीच्या डब्यांवर नावं चिकटवते, आणि माझ्याच घरातलं लेकरू लघवी धरून बसतंय हे मला तीन आठवडे कळलं नाही.

लेक चार वर्षांची आहे. सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहा औसा रोडकडच्या एका पाळणाघरात असते. जूनपासून तिचं एक सुरू झालं. स्कूटीवरून उतरली की चप्पल न काढता सरळ बाथरूम. पाण्याची बाटली सकाळी भरून दिली तशीच परत. मी रागवायची, "दिवसभर पाणी का पीत नाहीस गं?" मग ताप आला. लघवी माझ्याच लॅबमध्ये तपासली, स्लाइड मीच लावली. मायक्रोस्कोपच्या एका फील्डमध्ये पंचवीस-तीस पस सेल्स, म्हणजे पूच्या पेशी, संसर्गाची खूण. पाचपर्यंत असल्या तर आम्ही त्याकडं फार बघत नाही. दुसरं फील्ड लावलं, तिसरं लावलं, तेच.

औषध सुरू झालं. रात्री आंघोळ घालताना सहज विचारल्यासारखं विचारलं, "तू तिथं सूला का जात नाहीस?" ती टमरेलात फेस करण्यात गुंग. मान वर न करता म्हणाली, "तिथं सगळ्यांचे पप्पा बघतात."

बदलापूर झालं २०२४ च्या ऑगस्टमध्ये, शाळेत दोन चिमुकल्या पोरींवर अत्याचार झाला ते. त्यानंतर असलं वाक्य ऐकून कुठल्याही आईच्या पोटात जे होईल ते झालं. पण आवाज चढवला असता तर ती पुढं बोललीच नसती. मी तिच्या पाठीला साबण लावत राहिले. "कुठून बघतात?" "वरून. मोबाइलमधून."

आता जागा सांगते. पाळणाघर म्हणजे एका रो-हाऊसचा खालचा मजला. मागं पत्र्याखाली बोळ, तिथं कडप्प्याची मोरी, सिमेंटची टाकी, आणि बाजूला संडास. संडासाला दार नाही. दोन वर्षांपूर्वी एका पोरानं आतून कडी लावून घेतली, अर्धा तास निघेना, शेवटी दार फोडलं. तेव्हापासून चौकट नुसतीच. पाणी आमच्याकडं रोज येत नाही हे सांगायला नको. त्यामुळं शी धुणं, चड्ड्या बदलणं, पाय धुणं, सगळं त्या एका मोरीवर, एका बादलीत, आणि ते पाणी पपईच्या झाडाला. अकराला आणि तीनला सगळ्या लेकरांची रांग. मुलं-मुली एकत्र.

आणि कॅमेरे. हे लिहिताना माझीच मान खाली जायली. बदलापूरनंतर "कॅमेरे लावल्याशिवाय लेकरं पाठवणार नाही" म्हणणाऱ्या पालकांत पुढं मी होते. वर्गणी मीच गोळा केली. चार कॅमेरे बसले, मोबाइलवर ॲप आलं, २६ घरांना लॉगिन मिळालं. चौथा कॅमेरा मागच्या दाराकडं तोंड करून, कारण चोर मागच्या दारानं येतो. त्यात दार दिसतं आणि अख्खी मोरी दिसते. मी लॅबमध्ये डबा खाताना तो बोळ शंभर वेळा बघितला असेल. माझी लेक दिसली की बंद करायचे. बाकीची लेकरं तिथं उघडी उभी असतात हे दिसलं असणारच, पण ध्यानात आलं नाही. म्हणजे माझीही बाकीच्यांना दिसत होती.

ठिणगी पडली ती गेटवर. एका मुलाचे वडील चेष्टेत तिला म्हणाले, "काय गं, आज चड्डी ओली केलीस ना? मी बघितलं." माणूस साधा आहे, मनात काही नव्हतं. पण त्या दिवसापासून हिनं तिथं बसणं सोडलं.

पाळणाघरच्या ताईंशी बोलले. त्या म्हणाल्या, "मॅडम, कॅमेरा तुम्हीच मागितला. आता बंद केला तर तुम्हीच म्हणाल, काहीतरी लपवायल्यात." खरंय त्यांचं. बाई मायाळू आहे, माझ्या लेकीला भाकरी कुस्करून खाऊ घालते. मला पाळणाघर बदलायचं नाही. सासूबाई म्हणतात एवढ्याशा जिवाला कसली लाज.

कॅमेऱ्याचं काय करावं, दाराचं काय करावं, आणि पालकांच्या ग्रुपवर हे कसं मांडावं, कुणी सांगेल का?


बिनघोर (परभणी)

ताई, राग मानू नका. चार वर्षांच्या लेकराला काय कळतंय? आम्ही सात-आठ वर्षांचे होईस्तोवर विहिरीत उघडे पोहलो, सगळं गाव बघायचं. तुम्ही कॅमेरा काढा, आणि उद्या काही झालं तर? लाज मोठी का लेकरू मोठं?


मांजराकाठ

राग नाही. तुम्ही विहिरीत उड्या मारल्या तेव्हा बघणारे तुमच्याबरोबर पाण्यात होते. काठावर आल्यावर ते कुणाच्या खिशात राहिलं नाही.

आणि चार वर्षांच्या लेकराला काय कळतं, तर माझंच सांगते. माझं माहेर किल्लारीच्या बाजूचं. ३० सप्टेंबर १९९३ ला भूकंप झाला तेव्हा मी चार वर्षांची होते. भूकंप मला आठवत नाही, खरंच नाही. आठवतं ते नंतरचं पत्र्याचं शेड. आंघोळीला जागा नव्हती, म्हणून आईनं दोन बाजा उभ्या करून त्यांना हिरवं लुगडं बांधलेलं. आत बसलं की सगळा उजेड हिरवा. बाहेर माणसंच माणसं, मदतीची, पाहणीची, फोटो काढणारी. त्या हिरव्या उजेडात आपण कुणाला दिसत नाही, एवढं एक सुख मला आजही आठवतं. घर पडलेलं असताना माझ्या आईनं आडोशाची सोय आधी केली. आणि मी चांगल्या बांधलेल्या घरात २६ मोबाइल लावून ठेवले.


बालवॉर्ड (छत्रपती संभाजीनगर)

मी लहान मुलांच्या वॉर्डात सिस्टर आहे. आधी तब्येतीचं.

चार वर्षांच्या लेकराच्या मूत्राशयात साधारण १८० मिली मावतं, म्हणजे चहाचे दोन कप. मूल वर्षांनी जेवढं, त्यात दोन मिळवायचे आणि तीसनं गुणायचं, असा आमचा ढोबळ हिशोब. या वयात दिवसातून चार ते सात वेळा लघवी झाली पाहिजे. तुमची लेक साडेआठ तास धरून बसत होती आणि धरता यावी म्हणून पाणीही सोडलं होतं. साचलेल्या लघवीत जंतू वाढणारच. शीही कडक होत असेल, विचारून बघा. लघवी धरणारी मुलं बहुतेक शीही धरतात, आणि भरलेलं आतडं मूत्राशयावर दाब देतं. नुसत्या गोळ्या-औषधानं हे सुटत नाही, पुन्हा पुन्हा येतं. धुताना हात पुढून मागं गेला पाहिजे, मागून पुढं नाही. हे पाळणाघरच्या बाईंनाही सांगा, कारण घाईत एका हातानं दहा लेकरं धुताना उलटं होतं. कोर्स पूर्ण करा, आणि पुन्हा ताप आला तर वाट बघू नका.

अकराची आणि तीनची रांग बंद करायला सांगा. लागेल तेव्हा जाऊ द्यायचं, आणि खेळात विसरतात म्हणून दोन-अडीच तासांनी एकेकाला आठवण करायची.

दुसरं. तुम्ही आवाज न चढवता विचारलं ते फार बरं केलंत. इथं प्रकार वेगळा निघाला. पण वाचणाऱ्या सगळ्यांसाठी लिहून ठेवते: लेकरानं कुणी हात लावल्याचं सांगितलं किंवा तशी शंका आली, तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा. २०१२ च्या पोक्सो कायद्यात (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) नुसती शंका आली तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि ते पाळणाघर चालवणाऱ्यालाही लागू आहे. "आपसात मिटवू" हा पर्याय तिथं नाही.


दुसरी पाळी (वाळूज)

हे वाचल्यापासून घास उतरेना.

मी वाळूजला कंपनीत. पोरगा तीन वर्षांचा, मिसेस पण नोकरीला, म्हणून पाळणाघर. पाळणाघरच्या ॲपवर मोबाइल चालू करून कँटीनच्या टेबलावर पाण्याच्या जगला टेकवून ठेवायचो. पोरगं झोपलं का, रडायलंय का, तेवढं बघायला. टेबलावर आम्ही पाच-सहा जण. "हे गुबगुबीत कुणाचं रे?" असं कुणीतरी विचारायचं आणि सगळे हसायचे. कधी टॉवेलातलं लेकरू असायचं, कधी बिनटॉवेलाचं. माझ्या पोराचं कौतुक म्हणून मी ते खपवून घेतलं. दुसऱ्यांच्या पोरींचं काय, हा विचारच केला नाही.

अजून एक. लॉगिन माझं, पण पासवर्ड आईकडं आहे, सासऱ्यांकडं आहे, पुण्याच्या मेव्हण्याकडं आहे. म्हणजे एका घराचे चार मोबाइल. तुमची २६ घरं म्हणजे २६ मोबाइल धरू नका. आणि हल्ली कुठल्याही मोबाइलवर पडदा उतरवून घ्यायची सोय असते, एक बटण दाबलं की झालं. कुणी करेलच असं नाही, पण केलं तर कुणाला कळणार?


पाळणाघर नांदेड

मी अकरा वर्षं पाळणाघर चालवते, सध्या २२ लेकरं आहेत. तुमच्या ताईंच्या बाजूनं थोडं बोलते. पालक दोन्हीकडून बोलतात. दार लावलं तर "आत काय चाललंय", दार काढलं तर "उघड्यावर का". बाईनं करायचं काय?

माझ्याकडं पण एक पोरगी आतून कडी लावून बसली होती. मी खिडकीच्या जाळीतून तिला गाणी म्हणून दाखवत बसले, सुतार येईपर्यंत. त्यानंतर मी दार काढलं नाही, अर्धं केलं. जमिनीपासून एक वीत वर सुरू होतं आणि माझ्या छातीपर्यंत येतं. खालून लेकराचे पाय दिसतात, म्हणजे पडलं-झडलं तर कळतं. वरून मी वाकून बघू शकते. शेजारच्या लेकराला मात्र काही दिसत नाही. आतून कडी नाही, कपाटाला असतं तसलं लोहचुंबक आहे, ढकललं की उघडतं. आधी प्लायवूडचं केलं होतं, एका पावसाळ्यात पोळीसारखं फुगलं. मग पीव्हीसीचं केलं. बाहेर खिळ्याला एक लाल बांगडी अडकवून ठेवलीय. आत जाणाऱ्यानं ती दाराला लावायची, बाहेर आलं की काढायची. बांगडी असली की दुसरा कुणी ढकलत नाही. अडीच वर्षांची लेकरंसुद्धा हा नियम माझ्यापेक्षा कडक पाळतात.

पाणी कमी म्हणून मोरीवर धुतो, हे मला पटत नाही. तीच बादली संडासात ठेवली तरी पाणी तेवढंच लागतं. पपईला हवं असेल तर पन्हळ काढा. टमरेल मात्र लहान द्या. लिटरभराचं भरलेलं टमरेल चार वर्षांच्या हाताला उचलत नाही, सांडतं, कपडे भिजतात, मग लेकरू दुसऱ्यावर अवलंबून राहतं. मी स्टीलचे फुलपात्र ठेवलेत. संडासाच्या भांड्याच्या भोकाची भीती वाटते काहींना, त्यांना पहिले दिवस हाताला धरून बसवावं लागतं. आणि पालकांनो, पाया पडते, बटणाची जीन्स घालून पाठवू नका. इलास्टिकची चड्डी असली तर लेकरू स्वतः खाली-वर करतं, मला हात लावायचीच गरज पडत नाही.

हात लावायचा तेव्हा आम्ही विचारतो, "धुऊ का?" लेकरू हो म्हणतं, पाठ करतं, मग धुतो. धुणाऱ्या आम्ही दोघीच, मी आणि मावशी. नवीन बाई ठेवली तर पहिला महिना ती स्वयंपाक आणि झाडलोट करते, तिकडं जात नाही. चड्डीत झाली तर मोठ्यानं पुकारा करायचा नाही. बाजूला घ्यायचं, "चल, आपण कपडे बदलू" एवढंच.

कॅमेऱ्याचं: आत कधीच नाही. बोळात असावा, पण असा की कोण आत गेलं, बरोबर कोण गेलं, किती वेळानं बाहेर आलं, एवढंच दिसावं. दार दिसावं, दारामागचं नाही. आणि ते सगळ्यांच्या मोबाइलवर कशाला? माझ्याकडं रेकॉर्डिंग होतं, कुणाला शंका आली तर माझ्यासमोर बसून बघायचं. हे सांगितलं तेव्हा तीन पालक लेकरं घेऊन गेले. गेले तर गेले. (त्यातले एक वर्षानं परत आले.)

माझे दीर वकील आहेत, त्यांनी सांगितलेलं लिहिते. माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ६६ ई आहे. कुणाच्याही खासगी अंगाचं चित्र संमतीशिवाय टिपलं, पाठवलं, तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. "कुणाच्याही" मध्ये चार वर्षांचंही लेकरू येतं. हे तुमच्या ताईंना धमकी म्हणून सांगू नका, घाबरून जातील. पण ग्रुपवर जो जास्त वाद घालेल त्याला जरूर सांगा.

आणि ते २१ ऑगस्ट २०२४ चं कॅमेऱ्याचं शासन निर्णय जे सगळे दाखवतात, ते शाळांसाठी होतं. पाळणाघरांसाठी केंद्राच्या महिला व बालविकास खात्याच्या २०१८ च्या सूचना आहेत. बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यातली २०१७ ची दुरुस्ती, ५० किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी पाळणाघर हवं म्हणणारी, तिच्या मागोमाग त्या आल्या. आपल्यासारख्या घरगुती पाळणाघरांना कुणी विचारायला येत नाही, पण वाचण्यासारख्या आहेत. तीन वर्षांखालच्या दहा लेकरांमागं एक शिकलेली बाई, वरच्या वीस लेकरांमागं एक, शिवाय मदतनीस. आणि लेकरं असताना प्लंबर, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर, कुणालाच आत घ्यायचं नाही. हे शेवटचं मी वाचायच्या आधीपासून करत होते, पण लिहिलेलं बघून बरं वाटलं. तुमच्या ताईंकडं २६ घरांची लेकरं आणि हात किती? ते आधी मोजा. दोनच असतील तर रांग लागणारच.


गोदाकाठची सेविका (माजलगाव)

सुनेनं वाचून दाखिवलं, मी सांगते ती लिहायली.

मी अंगणवाडीत एकतीस वर्षं काढली. आमच्याकडं संडास बांधला होता, पण पाणी नव्हतं, मग त्यात जळण आन् खिचडीचे पोते. लेकरं भिंतीमागं जायची. तिथं मी काय बघितलंय सांगते. पोरी जोडीनं जायच्या. एक बसायची, दुसरी तिच्याकडं पाठ करून उभी राहायची आन् आपल्या फ्रॉकाचा घेर दोन्ही हातांनी पसरून धरायची. आडोसा. मग दोघी अदलाबदल करायच्या. चार-चार, पाच-पाच वर्षांच्या पोरी. आई ऊसतोडीला गेलेली, घरी आजी आंधळी, ह्यांना शिकवलं कुणी? कुणीच नाही. परभणीच्या भाऊनं ते बघायला पायजे होतं.


बिनघोर

माय, बोलती बंद केली तुम्ही. माझीच लेक पाच वर्षांची आहे, घरी विचारतो.


मांजराकाठ

आठ दिवसांनी लिहितेय. सगळ्यांना धन्यवाद म्हणते आणि काय झालं ते सांगते.

ग्रुपवर आधी टाकलंच नाही. संध्याकाळी लेकरं गेल्यावर ताईंना म्हणलं, तुम्ही मोरीवर उभ्या राहा. मी समोरच्या खोलीत ॲप उघडलं आणि मग मोबाइल त्यांच्या हातात दिला. तेव्हा कळलं की त्यांनी ते कधी बघितलंच नव्हतं. ॲप त्यांच्या मुलाच्या मोबाइलवर, त्यांच्याकडं साधा बटणांचा फोन. आता मी मोरीवर जाऊन उभी राहिले, त्या आतून बघत होत्या. मी वाकून नळ सोडला. आतून आवाज आला, "अगं बाई, एवढं दिसतं?" बाहेर आल्या तर डोक्यावरून पदर घेतलेला. म्हणाल्या, "म्हणजे मी साडी खोचून धुवायला बसते ते पण?" मला हे सुचलंच नव्हतं. मी फक्त लेकीचा विचार करत होते.

झाडूचा दांडा घेऊन त्यांनीच कॅमेऱ्याचं तोंड फिरवलं. आता त्यात मागचं दार आणि अर्धी पपई दिसते.

मग ग्रुप. बऱ्याच जणांनी अंगठा दाखवला, बहुतेकांनी वाचून सोडलं. दोघांनी वाद घातला, त्यातल्या एकाला कलम ६६ ई पाठवलं, गप्प झाला. एका आईनं रात्री अकराला मला वेगळा मेसेज केला की तिचा मुलगापण घरी आल्याबरोबर बाथरूमला पळतो. गेटवरच्या त्या वडिलांचा फोन आला. बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, "मी तिला सॉरी म्हणू का?" मी नको म्हणलं. तिला तो विषय पुन्हा कुणीच काढायला नको. तुम्ही नेहमीसारखं टाटा करा, बास.

अर्ध्या दाराचं माप नांदेडच्या ताईंनी सांगितल्यासारखं सुतळीनं घेतलं. पीव्हीसीवाल्यानं पुढच्या मंगळवारचा वायदा दिलाय, तोवर चौकटीला जुनी चादर आहे. ती ओली होते आणि लेकरं तिला लोंबकळतात. हात दोनच होते, तुम्ही बरोबर ओळखलंत. तिसरी बाई ठेवायची तर फी वाढणार, त्यावर ग्रुपवर शांतता आहे.

लेक अजून पूर्ण मोकळी झाली नाही. सोमवारी गेली नाही, मंगळवारी गेली नाही. बुधवारी बाटली अर्धी रिकामी आली. घरी मात्र नवीनच सुरू झालंय. बाथरूमचं दार स्वतः ओढून घेते आणि आतून ओरडते, "पप्पा, मी आहे!" पप्पा बिचारे तेव्हा गॅलरीत पेपर वाचत असतात.

एक राहिलंय. आतापर्यंतचं रेकॉर्डिंग. पंधरा दिवसांचं आपोआप साठतं म्हणे, आणि मुख्य पासवर्ड कॅमेरे बसवणाऱ्या दुकानाच्या माणसाकडं. तो उद्या साडेअकराला येतो म्हणाला होता. ताईंनी त्याला फोन करून सांगितलं, लेकरं असताना नको, सहानंतर ये. मी लॅबमधून थेट तिकडंच जाणार आहे.